पदन्यास आणि पत : ‘स्टेप अप थ्री-डी’चा आस्वाद

१

रस्त्यावरील नृत्यावर आधारलेले तरुणांचे चित्रपट पाहताना सुशिक्षित रसिक बहुधा दोहोंपैकी एक भूमिका घेतो. एक तर तो कथा पोरकट ठरवून नृत्याकडेही पाठ फिरवतो. किंवा नृत्य डोळे भरून पाहतो आणि मागाहून कथेबद्दल दिलगिरी व्यक्त करतो. दोन्ही भूमिकांत एकच गोष्ट गृहीत धरलेली असते. कथा म्हणजे केवळ खुंटी, नृत्य म्हणजे तिच्यावर टांगलेले वस्त्र. आणि या दोहोंत कलात्मक नाते असे काही नाही. हे गृहीत तपासून पाहण्यासारखे आहे. जॉन एम. चू यांनी दिग्दर्शित केलेला ‘स्टेप अप थ्री-डी’ हा अमेरिकन चित्रपट या तपासणीस विशेष सोयीचा आहे. कारण त्याच्या कथेचा कणा ऋण हा आहे, आणि ऋण फेडण्याची त्याची रीत व नृत्य दाखवण्याची त्याची रीत यांची तुलना करता येते.

हा चित्रपट ऑगस्ट २०१० मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्यातील एक प्रमुख पात्र मूस हा न्यू यॉर्क विद्यापीठात नुकताच दाखल झालेला, विद्युत अभियांत्रिकी शिकू लागलेला विद्यार्थी आहे. त्याच वर्षी, २२ फेब्रुवारी २०१० रोजी, अमेरिकेतील क्रेडिट कार्डविषयक नव्या कायद्याची बहुतेक कलमे अमलात आली. मे २००९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी स्वाक्षरी केलेल्या या कायद्याने मूसच्याच वयाच्या तरुणाला डोळ्यांपुढे ठेवून काही स्वतंत्र बंधने घातली होती. एकाच वर्षी एकाच तरुणाशी दोन वाणी बोलत होत्या. एक पडद्यावरून त्याला सांगत होती की, एका रात्रीच्या पराक्रमाने देणे फिटते. दुसरी कायद्याच्या रुक्ष भाषेत सांगत होती की, देणे महिन्यामहिन्याने फिटते आणि महिन्यामहिन्याने वाढतेही. या दोन वाणींतील विरोध हा ‘स्टेप अप थ्री-डी’च्या आस्वादातील मर्मस्थळ आहे.

२

कथेचा सांगाडा जुना आहे. बझ्बी बर्कलीच्या ‘बेब्स इन आर्म्स’मध्ये (१९३९) मुले स्वतःच कार्यक्रम उभा करून आपल्या कुटुंबांची विस्कटलेली घडी बसवू पाहतात. पुढे रस्त्यावरील नृत्याने पडदा काबीज केला तेव्हा त्यानेही हाच सांगाडा उचलला. या नृत्याचे मूळ न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागात आहे. कूल हर्क या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तरुणाने ११ ऑगस्ट १९७३ रोजी तेथील एका इमारतीत ध्वनिमुद्रिका वाजवल्या, त्या रात्रीपासून हिप-हॉप संस्कृतीचा आरंभ मानण्याचा प्रघात आहे. गाण्यातील ज्या तुकड्यात गायन थांबून केवळ ताल उरतो, त्या ‘ब्रेक’वर नाचणाऱ्यांभोवती बघ्यांचे कडे होत असे, आणि त्या कड्यात उतरून जो तो आपले कसब सिद्ध करी. ‘वाइल्ड स्टाइल’ (१९८३) व ‘बीट स्ट्रीट’ (१९८४) या चित्रपटांनी हे विश्व पडद्यावर आणले. १९८४ च्याच ‘ब्रेकिन’ २ : इलेक्ट्रिक बूगालू’मध्ये मात्र जुनी युक्ती परतली. वस्तीतील तरुणांचे केंद्र पाडून तेथे दुकाने उभारू पाहणारा धनिक, मुदतीत जमवायची मोठी रक्कम, आणि ती जमवण्यासाठी नृत्याचा कार्यक्रम.

‘स्टेप अप थ्री-डी’त ल्यूक नावाचा तरुण न्यू यॉर्कमधील एका जुन्या गोदामात नर्तकांचा एक मेळा सांभाळून राहतो. या मेळ्याला ‘पायरेट्स’ म्हणतात आणि गोदामाला ‘व्हॉल्ट’. बँकेतील तिजोरीच्या खोलीलाही इंग्रजीत हाच शब्द आहे. तिजोरीचे नाव धारण करणारी ही वास्तू स्वतःच गहाण आहे, तिचे हप्ते थकले आहेत, आणि ती हातची जाण्याच्या बेतात आहे. तिच्यावर ‘सामुराई’ या प्रतिस्पर्धी मेळ्याचा प्रमुख ज्यूलियन याचा डोळा आहे. ‘वर्ल्ड जॅम’ नावाच्या स्पर्धेचे एक लाख डॉलरचे बक्षीस हा सुटकेचा एकमेव मार्ग म्हणून पुढे येतो. मूस योगायोगाने या मेळ्यात ओढला जातो. अभ्यास, आईवडिलांना दिलेला शब्द, आणि कमील या बालमैत्रिणीचे सख्य या तिन्हींशी त्याची ओढाताण सुरू होते.

येथे लक्षात घेण्याजोगे हे की, या एका चित्रपटात तीन प्रकारची ऋणे आहेत. ल्यूकचे बँकेचे ऋण, मूसचे आईवडिलांचे ऋण, आणि त्याचेच कमीलच्या मैत्रीचे ऋण. तिन्ही ऋणे चित्रपटाच्या अखेरीपर्यंत मार्गी लागतात. परंतु प्रत्येकाची रीत वेगळी आहे, आणि या वेगळेपणावरच चित्रपटाच्या गुणदोषांचा निवाडा करता येतो.

३

चित्रपटातील सर्वांत आनंददायक प्रसंग कोणता, याविषयी रसिकांत फारसा मतभेद संभवत नाही. दुर्लक्षामुळे दुखावलेल्या कमीलची मनधरणी करीत मूस तिच्याबरोबर रस्त्याने चालला आहे. फ्रेड अॅस्टेअरच्या ‘आय वोन्ट डान्स’ या जुन्या गीताची नवी तालबद्ध आवृत्ती वाजू लागते, आणि दोघे नाचू लागतात. वाटेत येणाऱ्या वस्तू व माणसे यांना नृत्यात ओढून घेत ती रस्ताभर पुढे सरकतात. हा सर्व प्रसंग कॅमेऱ्याने एका सलग ओघात टिपला आहे. मध्ये कोठेही कात्री नाही.

या निवडीमागे परंपरा आहे. अॅस्टेअरचा आग्रह असे की, नर्तकाचे शरीर नखशिखांत चौकटीत दिसावे आणि नृत्य शक्य तितके अखंड टिपले जावे. त्या आग्रहाचे कारण केवळ सौंदर्याचे नव्हते, ते प्रामाणिकपणाचेही होते. तुकडे जोडून कोणासही नर्तक बनवता येते. अखंड चित्रण मात्र नर्तकाच्या दमाची साक्ष देते. मूस व कमील यांचे पाऊल कोठे चुकू शकले असते, हे प्रेक्षकास दिसत असते. ते चुकत नाही यात त्याचा आनंद आहे. अॅडम सेवानी व अॅलिसन स्टोनर या दोघांनी तो काळ खरोखर नाचून काढला आहे, त्यात उसने काही नाही.

या आनंदाचे स्वरूप समजून घेण्यास न. चिं. केळकरांची ‘सविकल्प समाधी’ची कल्पना साहाय्यक ठरते. केळकरांच्या मते वाङ्मयाच्या आस्वादात वाचक दुसऱ्याच्या भूमिकेशी समरस होतो, परंतु स्वतःचे भान सर्वस्वी हरपत नाही. आपण आपणही आहोत आणि दुसरेही झालो आहोत, या दुहेरी जाणिवेत आनंद असतो. या उपपत्तीवर पुष्कळ आक्षेप घेतले गेले असले तरी नृत्याच्या आस्वादाला ती फार चांगली लागू पडते. प्रेक्षकाचे पाय खुर्चीत स्थिर असतात आणि मन रस्त्यावर नाचत असते. आपल्याला असे नाचता येणार नाही ही जाणीव नाहीशी झाली, तर नर्तकाच्या कौशल्याचे मोलही नाहीसे होईल. भान शिल्लक आहे म्हणूनच विस्मय आहे.

मर्ढेकरांच्या लयविचाराचाही येथे उपयोग होतो. संवाद, विरोध आणि समतोल ही त्यांनी सांगितलेली लयीची तत्त्वे नृत्याच्या जुगलबंदीत जणू उघड्या डोळ्यांनी पाहता येतात. एका मेळ्याने टाकलेले पाऊल दुसरा मेळा उचलतो हा संवाद. तेच उलटवून परत करतो हा विरोध. आणि दोहोंच्या ताणातून कड्यातील सर्वांना मान्य होणारा निर्णय उमटतो हा समतोल. पाण्याने भरलेल्या रंगभूमीवरील सामना या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. तेथे प्रत्येक पावलागणिक उसळणारे पाणी विरोधाला आकार देते. ल्यूक व नॅटली यांच्या प्रसंगात भुयारी रेल्वेच्या जाळीतून येणाऱ्या वाऱ्याने पेयाचे थेंब वर उडत जातात. तेथे त्रिमितीचे तंत्र क्षणभर कवितेच्या जवळ जाते. अशा स्थळी चित्रपटाबद्दल दिलगिरी व्यक्त करण्याचे कारण उरत नाही.

४

आता कथेतील बँकेच्या ऋणाकडे वळता येईल. हे ऋण दिसते कसे? ते थकलेल्या हप्त्यांच्या सूचनेतून आणि वास्तू जाण्याच्या धास्तीतून दिसते. ते किती, कोणत्या दराने वाढले, दर महिन्याला त्यातले व्याज किती आणि मुद्दल किती, याचा हिशेब प्रेक्षकासमोर मांडला जात नाही. ऋण येथे घड्याळाचे काम करते; राक्षसाने दिलेल्या मुदतीप्रमाणे ते कथेला घाई करते. आणि ज्या नृत्याने ते फेडायचे त्याचा सरावही कात्रीने आवळलेला आहे. चार घटका चाललेल्या संगीतावर अनेक दिवसांचे श्रम तुकड्यातुकड्यांनी सरकून जातात. अंतिम स्पर्धेत दिव्यांचे झगमगते पोशाख चढवून पायरेट्स जिंकतात, आणि ऋणाचा प्रश्न कथेतून निघून जातो. ल्यूक चित्रपटकलेच्या शिक्षणासाठी कॅलिफोर्नियाची वाट धरतो.

याच मालिकेतील पहिल्या चित्रपटाशी तुलना केली असता फरक स्पष्ट होतो. अॅन फ्लेचर दिग्दर्शित ‘स्टेप अप’मध्ये (२००६) टायलर हा तरुण बाल्टिमोर येथील कलाशाळेच्या रंगमंचाची मोडतोड करतो, आणि शिक्षा म्हणून त्याला त्याच शाळेत २०० तास श्रमदान करावे लागते. तेथे देणे तासांत मोजलेले आहे. पुढे केरसुणीची जागा नृत्याचा सराव घेतो. तरीही देणे आणि काळ यांचा संबंध चित्रपटाने तोडलेला नाही. टायलरला जे मिळते ते त्या तासांतून मिळते. ‘स्टेप अप थ्री-डी’त देणे डॉलरांत आहे, आणि डॉलर एकरकमी आकाशातून पडू शकतात अशी कल्पना करणे सोपे आहे, तास तसे पडत नाहीत.

म्हणजे या चित्रपटात काळाला दोन प्रकारची वागणूक मिळाली आहे. मैत्रीचे ऋण अखंड काळात फेडले जाते. मूस ते सलग नाचून, श्वास टाकीत, प्रेक्षकाच्या देखत फेडतो. तो खऱ्या अर्थाने उतराई होतो. बँकेचे ऋण मात्र कापलेल्या काळात फिटते. पहिल्या ठिकाणी प्रेक्षकाचे भान जागे ठेवले आहे. दुसऱ्या ठिकाणी ते निजवावे लागते. केळकरांच्या परिभाषेत बोलायचे तर नृत्याने साधलेली समाधी सविकल्प आहे, आणि ऋणमुक्तीच्या कथेला हवी असलेली समाधी निर्विकल्प आहे. कथेचा दोष पोरकटपणा हा नव्हे. नृत्याने ज्या भानाला आवाहन केले, त्याच भानाची कथेला भीती वाटते, हा तिचा दोष आहे.

५

मराठीत ‘विकल्प’ या शब्दाला आणखी एक व्यावहारिक अर्थ आहे : निवडीसाठी समोर असलेला पर्याय. मूसच्या जागी बसलेल्या खऱ्या विद्यार्थ्यापुढे, चित्रपटगृहातून बाहेर पडल्यावर, असे विकल्प उभे राहतात. त्यांतील एक क्रेडिट कार्डाचा. येथे त्याच्याजवळ कोणते भान असावे लागते, हे पाहिले म्हणजे चित्रपटाने काय गाळले तेही कळते.

२००९ च्या कायद्याने या विद्यार्थ्याभोवती काही कुंपणे घातली. वयाची २१ वर्षे पूर्ण न झालेल्या अर्जदाराला फेडीची स्वतंत्र ऐपत दाखवावी लागते, अथवा तशी ऐपत असलेल्या प्रौढ व्यक्तीची सह-स्वाक्षरी आणावी लागते. महाविद्यालयाच्या आवारात किंवा आवाराजवळ अर्ज भरून घेण्यासाठी भेटवस्तू देण्याची जुनी रीत बंद झाली. बिल पाठवणे आणि मुदत संपणे यांत निदान २१ दिवसांचे अंतर आवश्यक ठरले. परंतु या कायद्यातील सर्वांत अर्थपूर्ण कलम मासिक बिलाच्या मजकुराविषयी आहे. केवळ किमान रक्कम भरत राहिल्यास देणे फिटण्यास किती काळ लागेल व एकूण किती भरावे लागेल, तसेच ३६ महिन्यांत मोकळे व्हायचे तर दरमहा किती भरावे लागेल, हे बिलावर छापणे बंधनकारक झाले. समीक्षेच्या भाषेत सांगायचे तर कात्रीने गाळलेला काळ कायद्याने पुन्हा चौकटीत आणला.

तो काळ केवढा असतो, हे साध्या उदाहरणाने पाहता येईल. समजा, विद्यार्थ्याच्या कार्डावर १,००० डॉलर देणे आहे, व्याजाचा वार्षिक दर २४ टक्के, म्हणजे महिन्याला सुमारे २ टक्के आहे, आणि तो नवी खरेदी न करता दरमहा २५ डॉलर भरतो. पहिल्या महिन्यात २० डॉलर व्याजात जातात. मुद्दल केवळ ५ डॉलरने उतरते. हे देणे फिटण्यास ८२ महिने, म्हणजे जवळजवळ सात वर्षे लागतात, आणि एकूण भरणा सुमारे २,०३० डॉलर होतो. हप्ता दुप्पट करून ५० डॉलर केला, तर २६ महिने व सुमारे १,२९० डॉलर पुरतात. तीन वर्षांत मोकळे व्हायचे तर दरमहा ३९ डॉलरांहून थोडे अधिक भरावे लागतात. ‘उधारीचे पोते, सव्वा हात रिते’ ही म्हण ज्यांनी रचली त्यांना चक्रवाढीचे कोष्टक ठाऊक असो वा नसो, पोत्याचा तळ ठाऊक होता.

यावरून निवडीचे निकष निघतात. जो विद्यार्थी दरमहा सर्व देणे मुदतीत चुकते करील, त्याच्या दृष्टीने व्याजाचा दर दुय्यम ठरतो. वार्षिक शुल्क नसणे, आणि फेडीची नोंद पतमापन करणाऱ्या संस्थांकडे नियमित जाणे, या गोष्टी त्याला महत्त्वाच्या. ज्याच्या मिळकतीचा भरवसा नाही, त्याने दर, विलंबशुल्क व उचल रकमेवरील आकार आधी पाहावेत. ज्याला साधे कार्ड मिळत नाही, त्याला अनामत ठेवून मिळणारे कार्ड हा मार्ग असतो. या सर्व बाबी अर्जासोबतच्या एका ठराविक तक्त्यात दिलेल्या असतात. १९८८ च्या कायद्यापासून तो तक्ता देणे अमेरिकेत सक्तीचे आहे. जाहिरातीत मात्र अग्रस्थान मिळते ते बक्षिसाला : खरेदीवरील परतावा, सुरुवातीची भेट, गुणांचा साठा. कार्डाचे बक्षीस आणि ‘वर्ल्ड जॅम’चे बक्षीस यांचे कार्य एकच आहे. दोन्ही प्रेक्षकाची नजर मधल्या काळावरून उचलून शेवटच्या क्षणावर ठेवतात.

६

मराठीत ‘क्रेडिट’ला ‘पत’ हा शब्द आहे, आणि तो बँकेपुरता मर्यादित नाही. गावात पत असते, बिरादरीत पत असते. ब्राँक्सच्या कड्यातही नर्तकाची पतच पणाला लागत असे. कड्यात उतरणाऱ्याला कोणी उसने कौशल्य देत नाही. आज काय करून दाखवले, आणि याआधी किती वेळा करून दाखवले, यावर कडे त्याचे नाव लक्षात ठेवते. विशेष हे की, बँकेच्या पतमापनाची रीतही फारशी निराळी नाही. अमेरिकेत १९८९ पासून प्रचलित असलेल्या फायको गणनेत, ३०० ते ८५० या पट्टीवर, सर्वाधिक म्हणजे ३५ टक्के भार वेळेवर केलेल्या फेडीच्या इतिहासाला आहे. ३० टक्के देण्याच्या प्रमाणाला, १५ टक्के इतिहासाच्या लांबीला, आणि उरलेला नव्या उचलीला व प्रकारांच्या विविधतेला. या गणनेत अंतिम सामना नाही. एका दिव्य रात्रीने ती उंच उडी घेत नाही. रोजच्या रियाझाप्रमाणे ती हळूहळू चढते. एखादा हप्ता चुकला की मात्र चटकन घसरते.

म्हणून पतीविषयी खरे ज्ञान या चित्रपटाच्या कथेत नाही, ते त्याच्या नृत्यात आहे. कथा म्हणते की पत जिंकता येते. नृत्य दाखवते की ती कमवावी लागते. या विसंगतीमुळे ‘स्टेप अप थ्री-डी’ टाकाऊ ठरत नाही. उलट, ती ओळखणारा रसिक त्याचा अधिक चोख आस्वाद घेऊ शकतो. कारण त्याला कोठे समरस व्हावे आणि कोठे भान सावरावे, हे कळलेले असते. करमणुकीच्या कृतीकडून अर्थशास्त्राचे धडे मागणे अरसिकपणाचे होईल. परंतु कृतीने स्वतःच एका ठिकाणी सत्याचा जो मापदंड सिद्ध केला, तो तिच्या दुसऱ्या भागाला लावणे हे समीक्षेचे कामच आहे.

चित्रपटाच्या अखेरीस मूस घेत असलेला निर्णय या मापदंडाला उतरतो. तो नृत्य सोडत नाही व अभियांत्रिकीही सोडत नाही; दोन्ही विषय एकत्र शिकण्याचे ठरवतो. आईवडिलांच्या ऋणाला दिलेले हे उत्तर बक्षिसाच्या रकमेने फिटणारे नाही. त्याला वर्षे लागणार आहेत, आणि ती वर्षे पडद्यावर न दाखवता चित्रपटाने निदान मान्य केली आहेत. ल्यूकच्या घराचा प्रश्न टाळ्यांच्या कडकडाटात सुटतो. मूसचा प्रश्न सुटत नाही, त्याचा अभ्यासक्रम ठरतो. विद्यार्थ्याच्या जीवनाशी या चित्रपटाचे खरे नाते कोठे असेल, तर ते या दुसऱ्या, कमी झगमगीत शेवटाशी आहे.